खासगी व्यवहारात घेतलेली जुनी कार नावावर करणे: आरसीवर बँकेचं नाव, मालकाचा बंद मोबाईल आणि उरलेला विमा

नवी_किल्ली

नमस्कार. मध्ये डीलर नसताना थेट मालकाकडून २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घ्यायचं ठरतंय. पहिलेच मालक आहेत. पासिंग महाराष्ट्राचंच, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या आरटीओचं. गाडी मेकॅनिकला दाखवून झाली आहे, त्याबद्दल शंका नाही. अडचण कागदांची आहे.

आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतो. कर्ज २०२१ मध्ये फिटलं आणि बँकेचं पत्र घरी आहे, असं मालक सांगतात. आरसीला जोडलेला त्यांचा मोबाईल नंबर बंद झालाय. दोन चलानं थकलेली आहेत, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर पाटी) बसवलेली नाही. सीएनजी किट नंतर बसवलंय, आरसीवर मात्र इंधन फक्त पेट्रोल आहे. विमा सर्वसमावेशक, पाच महिने शिल्लक, पॉलिसीवर ५०% एनसीबी (दावा न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत).

मालकांचं म्हणणं असं की पूर्ण पैसे द्या, टीटी फॉर्मवर (नाव बदलण्याच्या आरटीओ फॉर्मवर) सह्या करून देतो, नावावर सावकाश करून घ्या. हे चालेल का? कामं कोणत्या क्रमाने करायची? मुदत १४ दिवसांची की ३० दिवसांची? आणि विमा आपोआप माझ्याकडे येतो का?

---

कागदोपत्री

"सावकाश करून घ्या" हे अजिबात मान्य करू नका. यात तुमच्यापेक्षा त्यांचं नुकसान जास्त आहे, हे त्यांनाही समजावून सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. तिथे गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे सह्या करून दिल्या की आपण सुटलो, हा विकणाऱ्याचा समज चुकीचा आहे. तुमच्या बाजूने पाहिलं तर, उद्या त्यांचा फोन लागला नाही, ते परदेशी गेले किंवा त्यांचं बरंवाईट झालं, तर त्या सह्यांना फारशी किंमत उरत नाही. अर्जाला आता मालकाच्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो. सही आधी करून ठेवता येते, ओटीपी ठेवता येत नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी मोबाईल. परिवहनच्या वाहन पोर्टलवर मोबाईल नंबर बदलण्याची सोय आहे. गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख भरावी लागते. आरसीवर जसं छापलंय तसंच हवं, एक अक्षर चुकलं तरी नोंद सापडत नाही. चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. त्यामुळे तिथे गोल चिन्ह दिसलं तर ते शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक. निम्म्या चुका इथेच होतात. नंबर मालकांचाच टाका. एजंटचा किंवा तुमचा टाकून काम पुढे ढकलू नका, कारण विक्रीची संमती त्याच नंबरावरून घेतली जाते.

मग बोजा उतरवणं. "पत्र घरी आहे" यावर थांबू नका, पत्र डोळ्यांनी पाहा. आरटीओला फॉर्म ३५ लागतो, दोन प्रती, दोन्हींवर बँकेची सही आणि शिक्का, सोबत बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र). २०२१ चं पत्र असेल तर त्यावर मुदत लिहिलेली आहे का ते वाचा. बहुतेक बँका मुदत घालतात आणि ती संपली की नवीन पत्र काढावं लागतं. कर्जाचा खाते क्रमांक असेल तर शाखेत काम होतं, पण दिवस लागतात, म्हणून हे आत्ताच सुरू करा. बोजा उतरवणं आणि नाव बदलणं एकत्र करता येतं. तरी माझं मत: बोजा आधी उतरवून घ्यावा आणि पोर्टलवर बँकेचं नाव गेलेलं दिसल्यावरच मोठी रक्कम द्यावी. एकत्र अर्जात बँकेच्या कागदात खोट निघाली तर नाव बदलण्याचं कामही अडकतं, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात.

चलानं मालकांनी भरायची. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर आणि परिवहनच्या ई-चलान साइटवर, दोन्हीकडे गाडीचा नंबर टाकून बघा. बाहेरच्या राज्यात लागलेलं चलान एकीकडे दिसतं, दुसरीकडे नाही. न्यायालयात गेलेलं चलान नेहमीच्या पानावरून भरता येत नाही, ते व्हर्च्युअल कोर्टाच्या साइटवर शोधावं लागतं. भरल्यावर पावती ठेवा, कारण नोंद पुसली जायला वेळ लागतो.

एचएसआरपी: १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला ती बसवून घ्यावी लागते. तुमची २०१६ ची आहे आणि पाटी नसेल तर आरटीओतली कामं अडतात. परिवहन खात्याच्या साइटवरूनच नोंदणी करा, सारख्या नावाच्या बनावट साइट आहेत. पुढची, मागची पाटी आणि काचेवरचं स्टिकर असे तीन नग मिळतात. पाट्या स्नॅप लॉकने बसवतात, काढल्या की लॉक तुटतं. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलत नाही, त्यामुळे मालकांच्या नावावर असताना बसवलेली पाटी पुढे तशीच चालते.

हे झालं की मग व्यवहाराचा दिवस ठरवा. त्याच दिवशी दोघांनी एकत्र बसून अर्ज भरायचा. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना, दोन प्रतींत. दुसरी प्रत आरटीओच्या शेऱ्यासह विकणाऱ्याला परत मिळते आणि ती त्याने जपून ठेवायची असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. फॉर्म ३० हा हस्तांतराचा अर्ज. त्यात एक भाग विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. गाडीवर बोजा असेल तर फॉर्म ३० सुद्धा दोन प्रतींत लागतो आणि त्यावर बँकेची संमती लागते. तुमचा बोजा आधी उतरला तर हा भाग कोरा राहतो.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, दोघांचं पॅन, फोटो आणि चासी नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप. कारसाठी हस्तांतराचं केंद्रीय शुल्क ३०० रुपये, दुचाकीसाठी १५०. स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. कोणी याच्या अनेक पट "सरकारी फी" सांगत असेल तर पावती मागा.

दोघांच्याही आधारवरून ओळख पटली तर काम घरबसल्या होतं. पण आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. आरसीवर "विजय द. पाटील" आणि आधारवर पूर्ण "विजय दत्तात्रय पाटील" अशा फरकावर ऑनलाइन पडताळणी अडते. (नाव उदाहरणादाखल.) तसं झालं तर अर्ज ऑनलाइन भरून, शुल्क भरून, फॉर्म छापून, सह्या करून प्रत्यक्ष आरटीओत मूळ कागद द्यावे लागतात.

पैशांचं: इसार थोडका, बाकी रक्कम अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती हातात आल्यावर, बँकेतून, व्यवहाराच्या नोंदीत गाडीचा नंबर लिहून. रोखीने दोन लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेणं आयकर कायद्याने बंद आहे, तेव्हा मालकांनी रोखीचा आग्रह धरला तर दंड त्यांनाच बसेल, हे सांगा.

---

तारीख_वार

वरचं सगळं बरोबर. मुदतीचा प्रश्न राहिला. १४ आणि ३० दोन्ही खरे आहेत, फक्त माणसं वेगळी. कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं. घेणाऱ्याला ३० दिवस. गाडी परराज्यातली असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस आणि सोबत मूळ आरटीओची एनओसी किंवा ती मागितल्याची पोच.

अर्ज कुठे? ज्या आरटीओच्या हद्दीत हस्तांतर होणार तिथे, म्हणजे तुमच्या पत्त्याच्या आरटीओत. राज्य एकच असलं तरी काही कार्यालयं मूळ आरटीओची एनओसी मागतात. मागितली तर ती फॉर्म २८ वर मालकांच्या नावाने काढावी लागते, म्हणून मालक हाताशी असतानाच काउंटरवर विचारून घ्या.

पोर्टलवर आणखी एक गोष्ट बघा: गाडीची स्थिती "सक्रिय" आहे की "एनओसी दिलेली". पूर्वी कोणीतरी एनओसी काढून व्यवहार फिसकटला असेल तर ती रद्द झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही.

---

पॉलिसी_वाचक

विम्याबद्दल लिहितो, कारण सर्वात महाग चूक इथे होते.

"विमा आपोआप येतो" हे अर्धंच खरं आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळते. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग हा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, अशा स्थितीत गाडी ठोकली तर दावा कोणाचाच बसत नाही: पॉलिसी ज्याची त्याची गाडी उरलेली नाही आणि गाडी ज्याची त्याचा करार नाही.

कंपनीला फॉर्म २९ आणि ३० ची प्रत, विक्रीपत्र, जुन्या मालकाची संमती, तुमचा प्रस्ताव फॉर्म आणि आरसी नावावर झाल्यावर तिची प्रत द्या. आरसी यायची वाट बघून अर्ज लांबवू नका. आरटीओची पावती जोडून अर्ज १४ दिवसांतच जाऊ द्या, आरसी नंतर जोडा.

आता एनसीबी. ती गाडीची नसते, माणसाची असते. ५०% सवलत जुन्या मालकांनी दावा न करता कमावली आहे, ती त्यांच्याकडेच राहते आणि पत्र घेऊन ते ती तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावू शकतात. तुम्हाला उरलेल्या काळापुरती सवलत परत भरावी लागते. हिशेब असा: समजा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीशिवाय वर्षाला ६,००० होता आणि ५०% सवलतीने ३,००० भरला. सवलत ३,०००. पाच महिने बाकी, म्हणजे ३,००० चे १२ भाग करून त्यातले ५, एकूण १,२५०, वर जीएसटी. ही रक्कम बघून लोक पॉलिसी तशीच चालवतात आणि लाखांची जोखीम घेतात. तुम्ही स्वतः आधीची कार विकली असेल आणि तिच्यावर एनसीबी कमावली असेल, तर तिचं पत्र काढून नव्या पॉलिसीला लावा.

१५ लाखांचं मालक-चालक अपघाती संरक्षणही जुन्या मालकाचं असतं, ते तुमच्याकडे येत नाही. वेगळं घ्या.

---

सिलिंडर_आणि_चासी

किटचं सगळ्यांनी सोडून दिलं, म्हणून सविस्तर.

आरसीवर इंधन "पेट्रोल" आणि डिकीत सिलिंडर, हा कलम ५२ खालचा न नोंदवलेला बदल आहे. बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परिणाम दोन. एक, तपासणीत किट दिसलं की अर्ज थांबतो. दोन, आणि हे जास्त गंभीर, आग लागली किंवा अपघात झाला तर न नोंदवलेल्या किटमुळे विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

म्हणून किट मालकांच्याच नावावर असताना नोंदवून घ्या. लागतात: किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र आणि बिल, किटच्या मान्यतेची प्रत, सिलिंडरचं चाचणी प्रमाणपत्र. नंतर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर किटची किंमत लिहून घ्यायची, त्यावर थोडा जादा प्रीमियम लागतो.

बिलावरचा सिलिंडर क्रमांक आणि सिलिंडरवर कोरलेला क्रमांक स्वतः ताडून बघा. सिलिंडरची हायड्रो चाचणी (पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष सिलिंडरच्या गळ्याजवळ कोरलेलं असतं, किंवा इंधन भरण्याच्या नळीजवळच्या पट्टीवर पुढची तारीख लिहिलेली असते. मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस भरून मिळत नाही. बिल नाही, प्रमाणपत्र नाही, बसवणारा सापडत नाही, अशी स्थिती असेल तर माझा स्पष्ट सल्ला: अधिकृत केंद्रातून किट काढून टाकायला सांगा आणि गाडी पेट्रोल म्हणूनच घ्या. कागद नसलेलं किट नंतर नियमित करत बसणं नव्या किटपेक्षा अवघड पडतं.

चासीची छाप घेताना: जागा कापडाने पुसा, गंज असेल तर हलक्या हाताने मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश मारू नका. अक्षरांच्या कडा घासल्या गेल्या की नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो आणि प्रकरण तपासणीकडे जातं. पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. १७ अक्षरं पूर्ण यायला हवीत. दोन-तीन छापा घ्या, एक स्वतःकडे ठेवा. अक्षर गंजाने खरंच गेलं असेल तर आरटीओच्या परवानगीनेच पुन्हा कोरायचं, गॅरेजमध्ये ठोकून घ्यायचं नाही.

रंग बदललेला असेल तर तोही आरसीवर बदलावा लागतो. आरसीवरचा रंग आणि समोरची गाडी एकदा शेजारी ठेवून बघाच.

---

नवी_किल्ली

खूप आभार. मालकांशी बोलले. बँकेच्या पत्रावर ९० दिवसांची मुदत होती, म्हणजे नवीन काढावं लागणार. किटचं बिल आहे, सिलिंडरची चाचणी मात्र संपली आहे. आणखी दोन प्रश्न. हे सगळं होईपर्यंत गाडी ताब्यात घ्यावी का? आणि नातेवाईकांची एक स्कूटर आहे, मूळ मालक दोन महिन्यांपूर्वी वारले. तिलाही हेच फॉर्म का?

---

कागदोपत्री

गाडी ताब्यात घेऊ नका. तुम्ही चालवायला लागलात की मालकांची बँकेत जाण्याची निकड संपते. गाडी त्यांच्याकडे, इसार थोडका, आणि इसाराच्या पावतीवर चार ओळी स्पष्ट लिहा: बोजा, चलानं, एचएसआरपी आणि किटची नोंद विकणाऱ्याने अमुक तारखेपर्यंत पूर्ण करायची, न झाल्यास इसार परत.

ताबा घ्याल त्या दिवशी ताबापावती करा. तारीख, वेळ तासमिनिटांसह, किलोमीटरचं वाचन, चासी आणि इंजिन नंबर, किल्ल्या किती, मूळ कागद कोणते दिले, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. सकाळी अकराला लागलेलं चलान कोणाचं, याचं उत्तर या वेळेवरून मिळतं. पावती स्टॅम्पवर केली तरी ती आरसीची जागा घेत नाही, एवढं लक्षात असू द्या.

---

तारीख_वार

स्कूटरला फॉर्म ३१ लागेल, २९ आणि ३० नाही. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं असेल तर तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत नावावर करण्याचा अर्ज करायचा असतो. दोन महिने गेलेत, म्हणजे हातात महिनाच उरला. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर, हे आधी जमवा. मयताच्या कोऱ्या सह्यांचे जुने फॉर्म घरात असले तरी ते वापरू नका. मृत्यूनंतरच्या तारखेला त्यांच्या सहीने केलेलं हस्तांतर हा गुन्हा ठरतो, आणि ओटीपी वारसाच्या हातात असल्याने तो मोह होतो.

स्कूटर वारसाच्या नावावर झाल्यावर मगच ती तुम्ही घेऊ शकता. दोन टप्पे, दोन शुल्कं.

---

पॉलिसी_वाचक

फास्टॅग राहिला. काचेवरचा टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. फक्त खरवडून काढू नका, आधी त्यांना तो त्यांच्या बँकेकडून बंद करायला लावा. एका गाडीच्या नंबरावर एकच टॅग चालतो. जुना चालू असेपर्यंत नवीन बँक तुम्हाला टॅग देत नाही आणि टोल त्यांच्या खात्यातून कापला जातो. बंद झाल्याचा संदेश त्यांच्या मोबाईलवर आलेला बघून, आरसी तुमच्या नावाची मिळाल्यावर नवीन टॅग घ्या.